माहिती प्रणाली आणि आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनात संशोधक-प्राध्यापक व्हायचं असेल तर

प्रश्न असा आहे: व्यवस्थापन आणि माहिती प्रणाली या दोन्ही विषयांत रस आहे, अनेक देशांत पसरलेल्या कंपन्या आणि त्यांचं तंत्रज्ञान यावर संशोधन करून प्राध्यापक व्हायचं आहे. पीएचडी कशी निवडावी, कोणत्या जर्नलचा पाठलाग करावा, टेन्युअरपर्यंत, म्हणजे कायम नेमणुकीपर्यंत, कसं पोहोचावं आणि चांगली हुशार माणसंही नेमकी कुठे अडकतात?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी द्यायला हवं, कारण बाकी सगळं त्यावर बेतलेलं आहे. माणसं बुद्धी कमी पडल्यामुळे क्वचितच अडकतात. स्वतःचा असा एक प्रश्न नसल्यामुळे अडकतात. दहा वर्षांनी तुमच्याबद्दल मत मागवलेल्या अनोळखी प्राध्यापकाला "या व्यक्तीमुळे आपल्याला अमुक गोष्ट कळली" असं एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. ते वाक्य तंत्रज्ञानाच्या नावाने पूर्ण होत नाही आणि देशाच्या नावानेही होत नाही.

आता क्षेत्राची रचना. "आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन व माहिती प्रणाली" हे एक क्षेत्र वाटतं, पण त्यामागे दोन वेगळी घरं आहेत. आंतरराष्ट्रीय व्यवसायाच्या अभ्यासकांची संस्था, अकॅडमी ऑफ इंटरनॅशनल बिझनेस, 1959 ची. त्यांचं प्रमुख जर्नल, जर्नल ऑफ इंटरनॅशनल बिझनेस स्टडीज, 1970 पासूनचं. माहिती प्रणालीचं घर नंतरचं. मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस या विषयाचा अभ्यासक्रम उभा केला, तिथूनच 1977 मध्ये एमआयएस क्वार्टर्ली निघालं, 1980 मध्ये फिलाडेल्फियात आयसीआयएस ही माहिती प्रणालीची आंतरराष्ट्रीय परिषद पहिल्यांदा भरली आणि असोसिएशन फॉर इन्फर्मेशन सिस्टिम्स, म्हणजे एआयएस, 1994 मध्ये स्थापन झाली. दोन्ही घरांचे संपादक वेगळे, परिषदा वेगळ्या, "हा चांगला पेपर" म्हणण्याच्या कसोट्याही वेगळ्या.

नेमणूक कोणत्या तरी एका विभागात होते. बढतीच्या वेळी बाहेरून मागवलेली मतं त्या विभागाच्या विषयातले लोक लिहितात. म्हणून पीएचडीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत घर ठरवून टाकावं. माहिती प्रणाली विभागात असाल तर आंतरराष्ट्रीय व्यवसायाच्या जर्नलमधला पेपर कौतुकाचा ठरतो, पण तेवढ्यावर भागत नाही. उलट बाजूनेही तसंच. दोन्हीकडे अर्धं अर्धं काम असलेली व्यक्ती दोन्ही समित्यांना पाहुणी वाटते. घर एकच ठेवावं आणि दुसऱ्या क्षेत्रातून सिद्धान्त, डेटा किंवा सहलेखक आणावेत.

घर ठरलं की याद्या समजून घ्याव्यात, कारण समित्या याद्यांच्या भाषेत बोलतात. एआयएसच्या ज्येष्ठ अभ्यासकांनी आधी सहा, मग आठ जर्नलांची "बास्केट" केली होती. 2023 मध्ये ती अकरांची झाली आणि त्यात डिसिजन सपोर्ट सिस्टिम्स, इन्फर्मेशन अँड मॅनेजमेंट आणि इन्फर्मेशन अँड ऑर्गनायझेशन यांची भर पडली. फायनान्शियल टाइम्सच्या 50 जर्नलांच्या यादीत एमआयएस क्वार्टर्ली, इन्फर्मेशन सिस्टिम्स रिसर्च आणि जर्नल ऑफ मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स ही तिन्ही आहेत. पण टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेच्या 24 जर्नलांच्या यादीत यातली पहिली दोनच आहेत, तिसरं नाही. हा फरक किरकोळ वाटतो. पण ज्या विभागात ही 24 ची यादीच प्रमाण मानतात तिथे तिसऱ्या जर्नलमधल्या दोन पेपरांचं वजन एकदम बदलतं. ब्रिटनमध्ये 1 पासून 4 तारांकितपर्यंतची श्रेणी असलेली यादी चालते, ऑस्ट्रेलियात ए तारांकित, ए, बी, सी अशी. नोकरीच्या मुलाखतीत एक प्रश्न न लाजता विचारावा: "तुमच्याकडे बढतीसाठी कोणती यादी धरतात, आणि गेल्या पाच वर्षांत ज्यांना टेन्युअर मिळालं त्यांचे किती पेपर त्या यादीत होते?" लेखी नियमात बहुतेक ठिकाणी संख्या नसते, पण उत्तर सगळ्यांना माहीत असतं.

आता संशोधनाच्या प्रश्नाकडे येऊ. या क्षेत्रात तंत्रज्ञानाची नावं दर पाच-सात वर्षांनी बदलतात. ईआरपी (कंपनीचे सगळे विभाग जोडणारं सॉफ्टवेअर), ऑफशोअर आउटसोर्सिंग, क्लाउड, ब्लॉकचेन, आता जनरेटिव्ह एआय. डेटा गोळा करण्यापासून पेपर छापून येईपर्यंत सहज चार वर्षं जातात. म्हणजे "अमुक तंत्रज्ञानाचा स्वीकार" असा विषय घेतला तर पेपर छापून येतो तेव्हा उत्सुकता सरलेली असते. त्याऐवजी तंत्रज्ञानाच्या तळाशी असलेली प्रक्रिया पकडावी: मुख्यालय आणि उपकंपनी यांच्यात माहिती कोण कोणापासून राखून ठेवतं, एका ठिकाणी तयार झालेलं सॉफ्टवेअर दुसरीकडे गेल्यावर कामाची पद्धत बदलते की लोक त्याला वळसा घालून जुनंच काम करतात, दूरच्या टीममधला विश्वास कशावर टिकतो. असे प्रश्न पुढच्या तंत्रज्ञानालाही लागू पडतात आणि आधीचं काम वाया जात नाही.

देशाचंही तसंच. "हे मॉडेल आमच्या देशात तपासलं" या प्रकारचा पेपर रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणारे अभ्यासक, एका ओळीत परत पाठवतात: इथे वेगळं काय घडायला हवं होतं आणि का? देश स्पष्टीकरणाचा भाग असला पाहिजे. दोन कामं या दृष्टीने नीट वाचावीत. फ्रेड डेव्हिस यांचं तंत्रज्ञान-स्वीकाराचं मॉडेल 1989 मध्ये आलं: तंत्रज्ञान उपयोगी आणि सोपं वाटलं तर लोक ते वापरतात. 1997 मध्ये स्ट्रॉब, कील आणि ब्रेनर यांनी ते अमेरिका, स्वित्झर्लंड आणि जपानमधल्या विमान कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या ईमेल वापरावर तपासलं. पहिल्या दोन देशांत ते टिकलं, जपानमध्ये टिकलं नाही. या पेपरची ताकद अशी की तिन्ही ठिकाणी उद्योग सारखा, तंत्रज्ञान सारखं, त्यामुळे फरक दिसला तेव्हा तो उद्योगाचा असेल ही शंका बरीच कमी झाली. दुसरं उदाहरण गुणात्मक, म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखती आणि निरीक्षणांवर चालणाऱ्या पद्धतीचं. वॉल्शम आणि सहाय यांनी 1999 मध्ये एमआयएस क्वार्टर्लीत भारतातल्या जिल्हा प्रशासनात भौगोलिक माहिती प्रणाली का रुजल्या नाहीत हे दाखवलं. "प्रशिक्षण कमी पडलं" इथे ते थांबले नाहीत. नकाशा हे साधन तिथल्या रोजच्या प्रशासकीय निर्णयांचा भागच नव्हतं, आणि प्रणाली मात्र तो आहे असं गृहीत धरून आली होती. इथे ठिकाण काढून टाकलं तर पेपरच उरत नाही. तुमच्या विषयाला हीच चाचणी लावावी: देशाचं नाव झाकून प्रस्ताव वाचला आणि काहीच बिघडलं नाही, तर तो प्रस्ताव अजून तयार नाही.

हॉफस्टेड यांनी देशोदेशींच्या संस्कृतीची तुलना करण्यासाठी काढलेल्या आकड्यांबद्दल एक सूचना, कारण नवख्यांचे प्रस्ताव हमखास इथे घसरतात. ते आकडे 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवर उभे आहेत आणि ते देशपातळीचे आहेत. एखाद्या देशाचा "व्यक्तिवादाचा" आकडा उचलून त्या देशातल्या प्रत्येक उत्तरदात्याला चिकटवणं ही सरळ चूक आहे. देशांमधला फरक माणसांमधल्या फरकावर लादला जातो. व्यक्तीच्या मूल्यांवर दावा करायचा असेल तर ती मूल्यं त्या व्यक्तीपाशीच मोजावी लागतात. देशपातळीवर दावा करायचा असेल तर पुरेसे देश लागतात. चार-पाच देशांच्या डेटावर "सत्ता-अंतरामुळे (सत्तेतली विषमता लोक किती मान्य करतात यामुळे) हा परिणाम झाला" असं सांख्यिकी दृष्ट्या सिद्ध होऊ शकत नाही, कारण त्या चार देशांत फरक असलेल्या इतर शंभर गोष्टी असतात. बहुस्तरीय मॉडेल, म्हणजे व्यक्ती आणि देश हे दोन्ही स्तर एकत्र मोजणारं मॉडेल, चालवायचं तर वीस-तीस देश तरी हवेत. तेवढे नसतील तर तुलनात्मक केस स्टडी करावी आणि ती केस स्टडी आहे असं स्पष्ट म्हणावं. मायर्स आणि टॅन यांनी 2002 मध्येच राष्ट्रीय संस्कृतीच्या अशा ठोकळ्यांपलीकडे जायला सांगितलं होतं, तरीही असे पेपर अजून येत राहतात.

पीएचडीचा कार्यक्रम निवडताना विद्यापीठाच्या नावाआधी मार्गदर्शक पाहावा. एक तासाचं काम आहे: त्या प्राध्यापकांच्या गेल्या दहा वर्षांतल्या विद्यार्थ्यांची नावं काढा, ते आज कुठे आहेत बघा, आणि विद्यार्थी असताना त्यांचे किती पेपर त्या प्राध्यापकांबरोबर आले ते मोजा. तिघांपैकी दोघं संशोधनाच्या नोकरीत असतील तर ठीक. एकही नसेल तर मार्गदर्शक कितीही नामवंत असो, विचार करावा. संपर्काचा मेल दोनशे शब्दांचा पुरे: त्यांचा कोणता पेपर, त्यातला कोणता मुद्दा तुम्हाला अपुरा वाटला, तुम्हाला तो कसा पुढे न्यायचा आहे, तुमची पद्धतीची तयारी काय.

अमेरिकेत साधारण दोन वर्षं कोर्सवर्क, मग सर्वंकष परीक्षा, मग प्रबंध. एकूण चार ते सहा वर्षं. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षं, कोर्सवर्क कमी, थेट प्रबंध. स्कँडिनेव्हियात पीएचडीचा विद्यार्थी बहुधा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. कोर्सवर्क कमी असलेल्या ठिकाणी जात असाल तर पद्धतीचं शिक्षण स्वतः जमवावं लागतं: अर्थमितीचे (आर्थिक डेटाच्या सांख्यिकी विश्लेषणाचे) किमान दोन कोर्स, स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग (अनेक संकल्पनांमधले संबंध एकत्र तपासणारी सांख्यिकी पद्धत), आणि गुणात्मक पद्धतीचा एक तरी गंभीर कोर्स. हे नंतर शिकू म्हणणाऱ्यांना "नंतर" सापडत नाही, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी नवे कोर्स उभे करण्यातच वेळ जातो.

प्रबंध एकसंध पुस्तकासारखा लिहावा की तीन निबंधांचा? नोकरी अमेरिकी धाटणीच्या विद्यापीठात हवी असेल तर तीन निबंध. त्यातला पहिला निबंध तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस जर्नलकडे गेलेला असावा. तिन्ही निबंधांत एकच डेटा वेगवेगळ्या कोनातून कापला असेल तर संपादकांना ते लगेच कळतं. निदान दोन स्वतंत्र डेटासंच हवेत.

आणि आता डेटा. आंतरराष्ट्रीय संशोधनाची खरी मेहनत इथे आहे, आणि बहुतेक पेपर इथेच मरतात. समजा तीन देशांत प्रश्नावली भरून घ्यायची आहे. प्रश्नांचं भाषांतर एकाने करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत आणायचं, मग दोन्ही आवृत्त्या समोर ठेवून समितीने फरक मिटवायचे. ही पद्धत 1970 पासून रूढ आहे, पण पुरेशी नाही. त्यानंतर प्रत्येक देशात आठ-दहा जणांना समोर बसवून प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून "यावरून तुम्हाला काय समजलं?" असं विचारावं. "माझे वरिष्ठ ही प्रणाली वापरण्यास प्रोत्साहन देतात" या साध्या वाक्याला एका ठिकाणी लोक शिफारस समजतात, दुसऱ्या ठिकाणी आदेश. आकडेमोडीत हा फरक कधीच सापडणार नाही. तो या बैठकीतच सापडतो. मग प्रत्येक देशात पन्नासेक जणांची चाचणी फेरी, आणि त्यानंतर मुख्य फेरी, देशागणिक किमान दोनशे-अडीचशे पूर्ण उत्तरं.

विश्लेषणात पहिली पायरी मोजमाप सारखं आहे का हे तपासण्याची. तीन टप्पे: रचना सारखी आहे का, प्रश्नांचं घटकांवरचं, म्हणजे ते ज्या संकल्पना मोजतात त्यांवरचं, वजन सारखं आहे का, आणि प्रश्नांची आधाररेषा सारखी आहे का. प्रत्येक टप्प्यावर मॉडेल अधिक बांधलं जातं. सीएफआय हा, मॉडेल डेटाशी किती जुळतं ते सांगणारा, निर्देशांक 0.01 हून अधिक घसरला तर तो टप्पा पार झाला नाही असं मानतात. दुसरा टप्पा पार झाला तर देशांमधले संबंध, म्हणजे मार्गगुणक, यांची तुलना चालते. सरासरीची तुलना करायची असेल तर तिसरा टप्पाही पार व्हावा लागतो, आणि तो बऱ्याचदा होत नाही, कारण काही समाजांत लोक टोकाची उत्तरं देतात, काही ठिकाणी मधली, काही ठिकाणी सगळ्याला "सहमत". अशा वेळी ज्या एक-दोन प्रश्नांमुळे अडचण येते ते मोकळे सोडून अंशतः समानता दाखवता येते, पण प्रत्येक घटकाचे निदान दोन प्रश्न बांधलेले राहिले पाहिजेत. ही पायरी गाळून थेट "या देशात विश्वास जास्त आहे" असं लिहिलेला पेपर चांगल्या जर्नलमधून परत येतो, आणि यायलाच हवा.

एकाच माणसाने एकाच वेळी कारण आणि परिणाम दोन्ही सांगितले तर त्यांचं नातं फुगतं. हे फुगणं तपासण्याच्या हार्मनच्या एक-घटक चाचणीवर आता कोणी भागवू देत नाही. उपाय रचनेतच करावा: परिणामाचा आकडा दुसऱ्या स्रोतातून घ्यावा, प्रणालीच्या लॉगमधून, वरिष्ठांच्या मूल्यमापनातून किंवा काही आठवड्यांनी दुसऱ्या फेरीतून.

कंपनीकडून डेटा घेणार असाल तर गोपनीयता करारात दोन कलमं पाहावीत. निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा हक्क तुमच्याकडे राहतो का, आणि कंपनीला मसुदा वाचायला किती दिवस मिळतात. "कंपनीच्या लेखी संमतीशिवाय प्रसिद्धी नाही" असं कलम असेल तर त्या डेटावर प्रबंध उभा करू नये; संमती देणारी व्यक्ती दोन वर्षांनी दुसरीकडे गेलेली असते आणि नवी व्यक्ती विषयच उघडू इच्छित नाही. तीस दिवसांत गोपनीय मजकूर दाखवून देण्याचा हक्क कंपनीला, बाकी निर्णय संशोधकाचा, असा मसुदा बऱ्याच कंपन्या मान्य करतात. युरोपातल्या लोकांचा डेटा असेल तर 2018 पासून अमलात असलेला जीडीपीआर हा तिथला डेटा-संरक्षण कायदा लागू होतो: संमतीचं कारण, डेटा कुठे साठवणार, कधी नष्ट करणार हे आधी लिहून ठेवावं लागतं. माणसांवरच्या संशोधनाला लागणारी नैतिक मान्यता प्रत्येक संस्थेची वेगळी. तीन देशांसाठी चार-पाच महिने धरावेत.

टीमबद्दल थोडक्यात. प्रत्येक देशात स्थानिक सहलेखक हवा आणि तो केवळ डेटा गोळा करणारा नसावा. वर सांगितलेला वरिष्ठांच्या आदेशाचा अर्थ त्यालाच कळतो. लेखकांचा क्रम, कोण कोणता पेपर पुढे नेणार, डेटा किती वर्षं कोणी वापरायचा, हे काम सुरू होण्याआधी एका पानावर लिहून सगळ्यांना पाठवावं. माहिती प्रणालीत क्रम बहुधा योगदानानुसार असतो, पण अर्थशास्त्राकडे झुकलेल्या टीम वर्णानुक्रम लावतात. वर्णानुक्रम असेल तर बढतीच्या फाइलमध्ये तसं नमूद करावं, नाहीतर शेवटचं आडनाव असलेल्याचं नुकसान होतं.

पेपर पाठवल्यावर पहिली चाळणी संपादकाची. रिव्ह्यूपर्यंत न जाता परत येणारे पेपर बरेच असतात. त्यातून निसटला तर एक फेरी साधारण तीन-चार महिन्यांची, आणि स्वीकृतीपर्यंत दोन ते चार फेऱ्या. "सुधारून पुन्हा पाठवा" हे पत्र कडक भाषेत असलं तरी ती चांगली बातमी आहे. आलेल्या दिवशी काहीच लिहू नये. तिसऱ्या दिवशी सगळे शेरे एका तक्त्यात उतरवावेत: क्रमांक, शेरा शब्दशः, काय करणार, कोणी करणार. मग संपादकाच्या पत्रातले तीन-चार मुख्य मुद्दे वेगळे काढावेत. रिव्ह्यूअर एकमेकांविरुद्ध बोलत असतील तर निर्णय संपादकाच्या पत्रावरून घ्यावा आणि उत्तरात तसं लिहावं. प्रत्येक उत्तरात आधी काय बदललं ते, मग पान क्रमांक आणि बदललेलं वाक्यच उद्धृत करावं, म्हणजे रिव्ह्यूअरला मूळ पेपर उघडायची गरज पडत नाही. एखादी सूचना मानायची नसेल तर ती आधी करून पाहावी, निकाल जोडावा आणि मग का घेतली नाही ते सांगावं. "हे आमच्या कक्षेबाहेर आहे" हे वाक्य एका उत्तरपत्रात एकदाच वापरता येतं.

परिषदांचा उपयोग नीट करावा. आयसीआयएस डिसेंबरमध्ये भरते, पेपर वसंतात पाठवावे लागतात. युरोपात ईसीआयएस, आशिया-पॅसिफिकमध्ये पीएसीआयएस, अमेरिका खंडात एएमसीआयएस. हवाईची एचआयसीएसएस जानेवारीत. विकसनशील देशांतल्या माहिती प्रणालींवर काम असेल तर आयफिप या माहिती-प्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा 9.4 हा कार्यगट तुमची खरी बैठक आहे, आणि संस्था व समाजाच्या अंगाने गुणात्मक काम असेल तर 8.2. आयसीआयएसच्या डॉक्टरल कन्सॉर्टियममध्ये (पीएचडी विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेत) विद्यापीठातर्फे नामनिर्देशन लागतं. प्रबंधाचा प्रस्ताव मंजूर झालेला पण निष्कर्ष अजून बदलता येण्याजोगे असताना जावं. पूर्ण झालेला प्रबंध घेऊन गेलं तर मिळालेल्या सूचनांचं काहीच करता येत नाही.

नोकरीच्या बाजारात जाहिराती उन्हाळ्यात सुरू होतात. अर्जात पत्र, सीव्ही, संशोधनाचं निवेदन, अध्यापनाचं निवेदन, मुख्य पेपर आणि तीन शिफारसपत्रं. प्राथमिक मुलाखत वीस-तीस मिनिटांची, ऑनलाइन किंवा परिषदेत. मग कॅम्पस भेट: दिवसभरात आठ-दहा जणांच्या भेटी आणि साठ ते नव्वद मिनिटांचं व्याख्यान. व्याख्यानात पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न, तो का सुटलेला नव्हता आणि उत्तर, तिन्ही सांगून टाकावं. साहित्याच्या आढाव्यात वीस मिनिटं घालवली तर निष्कर्षापर्यंत पोहोचण्याआधी प्रश्नोत्तरांत वेळ संपतो. देकार आल्यावर पगाराइतकंच महत्त्व इतर गोष्टींना द्यावं: वर्षाला किती कोर्स, त्यात वेगवेगळे किती, पहिल्या वर्षी सवलत, डेटा आणि प्रवासासाठी निधी, किती वर्षं उन्हाळी मानधन. संशोधनप्रधान अमेरिकी विद्यापीठात वर्षाला तीन-चार कोर्स असतात, अध्यापनप्रधान ठिकाणी सहा ते आठ. एकच कोर्स दोनदा शिकवणं आणि दोन वेगळे कोर्स शिकवणं यांत तयारीच्या श्रमात मोठं अंतर आहे. त्यावरच बोलणी करावी. मिळण्याची शक्यता तिथे सर्वाधिक असते. परदेशी उमेदवाराने कायम वास्तव्याचा अर्ज विद्यापीठ कधी करतं हेही लेखी घ्यावं. अमेरिकेत अध्यापकांसाठीच्या विशेष कामगार-प्रमाणपत्राचा अर्ज निवडीपासून 18 महिन्यांच्या आत जावा लागतो; ती मुदत चुकली तर भरतीची प्रक्रिया पुन्हा करावी लागते.

टेन्युअरची सहा वर्षं ऐकायला भरपूर वाटतात. फाइल सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला जाते, बाहेरची मतं त्याआधीच्या उन्हाळ्यात मागवतात, म्हणजे हाताशी पाच वर्षं. पेपरला तीन वर्षं लागतात असं धरलं तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीनंतर सुरू केलेलं काम त्या फाइलमध्ये बहुधा येत नाही. म्हणून सतत दोन पेपर रिव्ह्यूमध्ये, दोन लिहिण्याच्या टप्प्यावर आणि दोन डेटाच्या टप्प्यावर असा साठा ठेवावा. अनेक देशांचं मोठं प्रकल्पकाम एकच असावं. त्याच्या बाजूला एका देशात किंवा उपलब्ध डेटावर होणारं, दोन वर्षांत संपणारं काम असलंच पाहिजे. सगळं काही दहा देशांच्या एका सर्वेक्षणावर लावलेला माणूस चौथ्या वर्षी रिकाम्या हाताने तिसऱ्या वर्षाच्या आढाव्याची आश्वासनं समजावत बसतो. आणि मार्गदर्शकाशिवायचे पेपर हवेतच. बाहेरचे परीक्षक ते प्रथम शोधतात.

ती मतं लिहिणारे लोक तुमचे सहलेखक किंवा मार्गदर्शक चालत नाहीत. म्हणजे ज्यांना तुमचं काम माहीत आहे पण तुमच्याशी संबंध नाही अशी दहा-बारा माणसं लागतात. ती ओळख रिव्ह्यूमधून होते. वर्षाला आठ-दहा चांगले रिव्ह्यू, प्रत्येक दोन-तीन पानांचा, मुदतीत. त्यात मोठे मुद्दे आधी आणि प्रत्येकासोबत सुचवलेला मार्ग. संपादक हे लक्षात ठेवतात. परिषदेच्या एखाद्या ट्रॅकचा सहसंपादक, मग जर्नलचा सहसंपादक, मग वरिष्ठ संपादक, असा क्रम त्यातूनच सुरू होतो.

देश बदलायचा असेल तर मोजमाप बदलतं. ब्रिटनच्या आरईएफ 2021, म्हणजे विद्यापीठांच्या संशोधनाच्या राष्ट्रीय मूल्यमापनात, विभागाकडून सरासरी माणशी अडीच संशोधनकृती आणि एका व्यक्तीच्या जास्तीत जास्त पाच सादर होत होत्या. म्हणजे सहा मध्यम पेपरांपेक्षा दोन भक्कम पेपर तिथे अधिक कामाचे, शिवाय संशोधनाचा समाजावर झालेला परिणामही मोजला जातो. जर्मनीत हाबिलिटाट्सिओनचा (पीएचडीनंतर प्राध्यापकपदासाठीच्या दुसऱ्या पात्रतेचा) जुना मार्ग आणि 2002 पासूनचा ज्युनियर प्रोफेसरचा तीन अधिक तीन वर्षांचा मार्ग, दोन्ही आहेत. तिथल्या माहिती प्रणालीच्या परंपरेत काहीतरी बांधून दाखवण्याला मान आहे, आणि हेवनर व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मांडलेली डिझाइन सायन्सची, म्हणजे उपयोगी साधन बांधून ते तपासण्याच्या संशोधनाची, चौकट तिथे सहज स्वीकारली गेली. अमेरिकेत त्याच कामाला सिद्धान्ताची जोड जास्त ठळक करून मांडावी लागते. फाइल त्या देशाच्या वाचकासाठी नव्याने लिहावी, जुनीच पाठवू नये.

टेन्युअरनंतर लांब पल्ल्याचं काम हाती घेता येतं, आणि आंतरराष्ट्रीय क्षेत्राचं सर्वोत्तम काम याच काळात होतं. ऑस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1990 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर जिल्हा आरोग्य माहितीचं काम सुरू केलं. त्यातून डीएचआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर वाढत गेलं आणि आज ते सत्तरहून अधिक देशांत वापरात आहे. त्याच कामातून ब्रा, मोंतेरो आणि सहाय यांचा 2004 चा पेपर आला, एकट्या ठिकाणचे प्रयोग का विझतात आणि जोडलेली ठिकाणं एकमेकांना का तगवतात यावरचा. अनेक पीएचडी विद्यार्थी त्या त्या देशांतूनच आले आणि तिथेच शिकवू लागले. एक प्रश्न, अनेक देश, दशकं चालणारं काम.

पूर्ण प्रोफेसरपदाच्या फाइलमध्ये समित्या याच गोष्टी शोधतात: तुमच्या प्रश्नावर इतर लोक काम करू लागले का, तुमचे विद्यार्थी कुठे आहेत, संपादकीय जबाबदारी किती. त्यासाठी चौथ्या-पाचव्या वर्षापासून एका कागदावर नोंद ठेवावी: कोणत्या विद्यार्थ्याच्या समितीवर होता, कोणत्या जर्नलसाठी किती रिव्ह्यू केले, कोणत्या देशात कोणती संस्था डेटासाठी जोडली, कोणत्या अभ्यासक्रमात तुमचा पेपर वाचायला लावला जातो. बारा वर्षांनी हे आठवून लिहिता येत नाही. ओआरसीआयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, पहिल्याच पेपरपासून वापरावा आणि नावाचं रोमन स्पेलिंग कायम एकच ठेवावं. आद्याक्षरं कधी आधी, कधी नंतर, अशा नावाचे उल्लेख डेटाबेसमध्ये दोन वेगळ्या व्यक्तींच्या नावावर जमा होतात आणि ते एकत्र करायला पुढे महिने जातात.